उत्तर न ऐकणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका बोलणारा आणि त्यांच्याइतका न ऐकणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नव्हता, आणि हे मी कोपरखैरण्यात नऊ वर्षं त्यांच्या पायाखाली राहून सांगतोय. जवळच्या पावणे गावात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. नाटकातला दिवा हळूहळू चढवायच्या-उतरवायच्या पेट्या, म्हणजे डिमर, ते तिथे बनवत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुठूनशी डिजिटल कन्सोलची, म्हणजे सगळे दिवे एका जागेवरून चालवणाऱ्या यंत्राची, माहितीपत्रकं त्यांच्या हाती लागली आणि काका कामातून गेले. तोवर दिव्यागणिक वेगळी वायर असायची. आता म्हणे एकाच वायरवर पाचशे बारा नंबर. "शाळेत हजेरी घेतात ना, तसं आहे बघ," जिन्यात अडवून ते सांगत. "कन्सोल एक नंबरपासून ओळीने आकडे बोलत सुटतो. प्रत्येक दिवा मोजत बसतो आणि आपला नंबर आला की आपला आकडा उचलतो. शून्य म्हणजे अंधार, दोनशे पंचावन्न म्हणजे फुल. फक्त इथे 'हजर' कोणी म्हणायचं नाही. उत्तराची सोयच नाही." दिव्याने ऐकलं नाही तर, असं मी एकदा विचारलं. "परत सांगायचं. सेकंदाला चाळीस वेळा तेच सांगायचं," असं म्हणून ते जिना चढूनही गेले.

ही विद्या त्यांनी घरातही आणली. पोह्यांत मीठ 'दोनशेच्या वर' गेलंय, हे ते काकूंना बशी रिकामी होईपर्यंत चारदा ऐकवत. उद्या अर्धा लिटर जास्त, हे दूधवाल्याला इतक्या वेळा बजावत की तो वैतागून दोन लिटर टाकून जाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुद्दा मांडला की कोणी तोंड उघडायच्या आत काकांच्या पायात चपला. काकू म्हणायच्या, "लग्नाला मी दिलेला होकारही यांनी ऐकलेला नाही. आधीच हॉल बुक करून आले होते."

आमच्या सेक्टरातल्या नाट्यमंडळाचा दिग्दर्शक मी. त्या वर्षी वाशीच्या नाट्यगृहात स्पर्धेचा प्रयोग होता आणि काकांनी स्वतः जुळवलेला कन्सोल पहिल्यांदाच लागणार होता. दोन वर्षं ते या दिवसासाठी झुरले होते. हा नीट चालला तर बाकीची मंडळं बोलावतील, एवढंच त्यांचं मागणं. पडद्याआधी मी सवयीप्रमाणे रंगमंच आवरत फिरलो. शेवटच्या दिव्याच्या मागे एक प्लग खोचलेला होता, त्याला वायर नाही की काही नाही. कशाला हे लोढणं, म्हणून काढला आणि खिशात टाकला. दोन अंक निभावले. तिसऱ्यात बाप मरणाला टेकलेला, मुलगा पायाशी बसलेला, आणि दिवे गणपतीच्या आरासीसारखे लुकलुकायला लागले. अख्खं थिएटर हसलं. मी मुळात रागीट, त्यात हे. विंगेत सगळ्यांसमोर काकांना म्हणालो, "तुमची ही डिजिटल कौतुकं वर्कशॉपातच ठेवा. माझ्या नाटकाची माती केलीत." काका खाली बसून वायरी गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी पँट धुवायला टाकताना तो प्लग हाती आला. मंडळाचा इलेक्ट्रिशियन पावण्याचाच होता, त्याला सहज म्हणून दाखवला. "यो तर शेवटच्या दिव्याला लागतो," तो म्हणाला. "आत रेझिस्टर हाय. यो नसला की सिग्नल टोकाला आपटून मागं फिरतो आन् समदे दिवे चक्रावतात. तुमच्याकडं कसा?" मी थाप मारली. काकांचा कन्सोल वर्कशॉपच्या फळीवर गेला तो कायमचा, आणि वर जाऊन खरं सांगायला मला एक जिना चढवला नाही.

मग बँकेने माझी नागपूरला बदली केली. दर रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून काकांचा फोन यायचा. पाण्याची बोंब, काकूंचे गुडघे, लिफ्टचं रडगाणं, सगळं ओळीने सांगून खट्‌दिशी ठेवायचे. मी 'काका, एक सांगायचं होतं' म्हणेपर्यंत कट. तीन वर्षं हे चाललं. एका रविवारी त्यांना बोलताबोलता खोकल्याची उबळ आली आणि मी तेवढ्यात घाईघाईने बोलून टाकलं, "काका, तो शेवटचा प्लग मी काढला होता."

"ठाऊक आहे रे," काका म्हणाले. "तुझी आवरायची खोड मला माहीत नाही होय? तिथे बोललो असतो तर मंडळात तुझं कोणी पुढे ऐकलं असतं का?" मग म्हणाले, "इकडे कधी येतोस?"

आणि फोन ठेवला नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. हा माणूस चक्क माझ्या उत्तरासाठी थांबला होता. आमच्या बँकेत ऑडिट चालू होतं. मी म्हणालो, "बघतो."

पुढच्या रविवारी फोन आला तो काकूंचा. काका गेले होते.

अजूनही रविवारी सकाळी मी घरात कोणाला फोनला हात लावू देत नाही. मुलं चिडतात, चिडू देत. काकांची फार आठवण येते. 'उद्याच्या गाडीने निघतो' एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.