सात जणींत एक फ्रीशिप

दमयंती घाडीबद्दल कुणी भरभरून चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याने तिच्यासाठी काडीही हलवलेली नसते, आणि त्या बोलणाऱ्यांत अलीकडे मीही असते. मी फटकळ आहे, सगळं नायगाव सांगेल. बीडीडी चाळीत पोलिसांच्या खोल्यांमध्ये वाढलेल्या मुलीला तोंड नसेल तर तिला नळावर पाणीसुद्धा मिळत नाही. माझे वडील हवालदार. दमीचे वडील धोंडू घाडी लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. आम्ही दोघी दादरच्या एकाच कॉलेजात होतो आणि कॉलेजच्या कबड्डीच्या संघात होतो. ती कप्तान, मी उजव्या कोपऱ्यात पकडीला.

मैदानाबाहेर दमी इतकं हळू बोलायची की मराठीच्या बाईंना ती मंद वाटायची. वेणी दुमडून रिबिनीने डोक्याशी घट्ट बांधलेली, गुडघ्यांवर मातीचे जुने वण. चढाईला गेली की जिला मारायचं तिच्याकडे ती कधी बघायची नाही, भलतीकडेच बघत तिच्यापर्यंत पोचायची. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या अंतिम फेरीत आम्ही सहाही जणी बाद होऊन बाहेर बसलो होतो. आत ती एकटी. कबड्डीत एक बरं असतं, समोरची एक बाद केली की आपली बाहेर बसलेली एक परत आत येते. दमीने तसं एकेकीला आत आणलं. आधी खोताच्या वाडीतली व्हायोला, मग मी, मग परळच्या दोघी. शेवटची आत आली तेव्हा ती स्वतः उभं राहता येईना म्हणून रेषेजवळ वाकली होती. चषक आम्ही जिंकला आणि तो जिमखान्याच्या कपाटात गेला.

महिन्या-दोन महिन्यांत गिरण्यांचा संप सुरू झाला. जानेवारी गेला, शिमगा गेला, जूनमध्ये कॉलेज उघडलं तरी भोंगे बंदच. दमीची आई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. जेवणारे सगळे गावी निघून गेले, म्हणजे त्या घराचा दुष्काळात तेरावा महिना. फीमाफीच्या सरकारी सवलतीला वडिलांच्या मिळकतीचा दाखला लागायचा. गिरणीच्या हजेरीपटावर धोंडूकाकांचं नाव होतं, पगार नव्हता, आणि नाही म्हणून लिहून द्यायला तिथे कुणी नव्हतं. दमीचं दुसरं वर्ष आता एकाच गोष्टीवर अडलं होतं, ती म्हणजे कॉलेजची खेळाडूंसाठीची फ्रीशिप. फी माफ, पुस्तकं, आणि सकाळच्या सरावानंतर कँटीनमध्ये नाश्ता. दमीच्या घरी तेव्हा सकाळी पेज असायची, तीही पातळ.

जिमखान्याचे प्रमुख सबनीस सर. गोड बोलायचे. आम्ही सातही जणी त्यांच्यापुढे उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि फ्रीशिपची वाटणी समजावली.

"हे बघा मुलींनो, टेबल टेनिसला एक, बुद्धिबळाला एक, पोहण्याला एक, बॅडमिंटनला एक. तशी कबड्डीलाही एक. आपण कुठल्याच खेळावर अन्याय करत नाही."

"आणि क्रिकेटला, सर?" मी विचारलं.

"क्रिकेटला पाच. क्रिकेटने कॉलेजचं नाव होतं."

आमचा चषक त्यांच्या डोक्यामागे कपाटात होता. क्रिकेटच्या पोरांनी तीन वर्षांत एक सामना जिंकला होता, तोही पावसाने.

"सर, मग एकटीने कबड्डी खेळून दाखवायची का?" मी म्हटलं. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

मी बाहेर गेले, माझ्यामागे बाकीच्याही आल्या. दमीला मात्र त्यांनी थांबवून घेतलं. ती बाहेर आली ती चालायलाच लागली. लालबागच्या नाक्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालले. मग तिने सांगितलं. फ्रीशिप तिला द्यायचं ठरलंय, कप्तान म्हणून. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू, सर म्हणाले, पण तू आत्ता चर्चा करू नकोस.

मी तिच्या घरी गेले. धोंडूकाका मला 'पोलिसाचा चेडू', म्हणजे पोलिसाची पोर, म्हणायचे. संपाच्या मोर्च्यांवर आमचे वडील बंदोबस्ताला असायचे, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी मला बसायला ते स्वतः चटई टाकायचे. "तुझ्या बापाशीक सांग, लाठी पायार मार, डोक्यार नको," एवढंच एकदा म्हणाले होते, तेही हसून.

दमीने फ्रीशिपचं सांगितल्यावर तिची आई चुलीपुढून उठलीच. "घे गो बाय. तुझा तरी होऊ दे."

धोंडूकाकांनी विचारलं, "एकट्याकच देतत?"

"एकटीलाच."

"मगे तू समज गे. गिरणीत सायब एकट्याक चायेक बोलावता, तेव्हा भायर बाकीच्यांचा काय खरा नसता." आणि थोड्या वेळाने, "तुका व्हया तर घे. मी नको म्हणूचंय नाय."

बापाने नको म्हटलं असतं तर ती कदाचित भांडली असती. त्याने तिच्यावर सोडलं, आणि गिरणगावातल्या मुलीला अशा वेळी एकच उत्तर येत होतं. तिच्या आसपास सहा महिने तेच चाललं होतं. शेजारच्या खोल्यांत भांडी मोडीत जात होती, बायकांच्या कानांतलं गेलं होतं, पण कामावर जायला कुणी तयार नव्हतं. जो जाईल त्याच्या पोरांशी चाळीतली पोरं खेळत नव्हती.

"मी एकटी आत राहून काय करू?" ती म्हणाली. "सगळ्या आत आल्याशिवाय डाव कसला?"

मग जे व्हायचं ते झालं. धोंडूकाकांनी आम्हाला रीत शिकवली, आधी निवेदन, मग भेट, मग संप. मागणी अशी की कबड्डीचा संघ सात जणींचा, म्हणून फ्रीशिपही सात. मी आणि व्हायोला म्हणालो, आम्हाला नको, आमच्या घरून फी मिळते, पाचच मागा. व्हायोलाचे वडील ऑफिसात होते, माझ्या वडिलांचा पगार सुरू होता. पण दमी ऐकेना.

"तुम्हाला वगळलं की ते म्हणणार, गरीब मुलींना मदत केली. आपण भीक मागतोय का? आपण खेळतो."

हे वाक्य मी पुढे कितीदा तरी लोकांना ऐकवलं. त्यावर टाळ्या पडतात.

आम्ही सराव बंद केला. सरावाच्या वेळेला साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला येऊन बसायचो. आम्हाला वाटलं, गेल्या वर्षीचा विजेता संघ उतरला नाही तर कॉलेजची नाचक्की होईल, कुणी तरी धावत येईल. सबनीस सर एकदाही रागावले नाहीत. उलट एकदा शिपायाबरोबर चहा पाठवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी तो चहा दोनदा घेतला.

सामन्याच्या दिवशी समोरचा संघ आला, नाणेफेकीला आमच्याकडून कुणी नाही म्हणून त्यांना पुढे चाल मिळाली, आणि त्या मुली आमच्याकडे बघत बघत परत गेल्या. आठवड्याभरात फळ्यावर सूचना लागली. विद्यार्थिनींच्या अनास्थेमुळे मुलींचा कबड्डी संघ बंद करण्यात येत आहे. कबड्डीची फ्रीशिप टेबल टेनिसला, म्हणजे टेबल टेनिसला आता दोन. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मातीच्या मैदानावर फरशी बसली. प्राध्यापक मंडळींना स्कूटरी उभ्या करायला जागा हवी होती, ही मागणी म्हणे जुनीच होती. आम्ही संप केला तो त्यांनी पडत्या फळाची आज्ञा मानून घेतला.

दमीने घरी जाऊन फरशीचं सांगितलं तेव्हा धोंडूकाका भिंतीला टेकून बसले होते. "तेंकाच संप व्हयो होतो गे," ते म्हणाले. संप हवा होता तो कॉलेजवाल्यांना की गिरणीमालकांना, आम्ही विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते गावी गेले आणि तिकडेच वारले. गिरणी उघडली नाही.

आमच्या सातांतली एकही फुटली नाही. सबनीस सरांनी संपाच्या दिवसांत दोघींना वेगवेगळं बोलावून फ्रीशिप घेतेस का विचारलं होतं, दोघींनी नाही म्हटलं. अभिमानाची गोष्ट आहे. मला तिचा राग येतो. एखादी फुटली असती तर निदान त्या पाच गिरणीवाल्यांच्या मुलींतली एक शिकली असती. शेवटी झालं काय, तर ज्यांच्या घरून फी मिळत होती त्या मी आणि व्हायोला पदवीधर झालो, आणि जिला फुकट मिळत होतं ती दमी दिवाळीनंतर कॉलेजात आलीच नाही. ती परळच्या एका गाळ्यात तयार कपड्यांचे धागे कापायला जाऊ लागली.

तरी दोन वर्षं ती लालबागच्या एका मंडळाकडून खेळत होती. तिथे एका बँकेच्या लोकांनी तिला पाहिलं. बँकांना तेव्हा मुलींचे संघ उभे करायचे होते, खेळणाऱ्या मुलींना नोकऱ्या मिळत होत्या. त्यांनी दमीला बोलावलं, मला पण आत बोलावलं, ती सोबत घेऊन गेली म्हणून. साहेबाने तिला विचारलं, पदवी? ती नाही म्हणाली. मी त्या साहेबाशी भांडले. सांगितलं, हिच्या चढाईपुढे तुमचा अख्खा संघ टिकणार नाही. तो म्हणाला, बाई, नियम नियम आहे, आणि मला अर्ज भरायला दिला. माझा खेळ तिच्या निम्म्यानेही नव्हता. त्या नोकरीत मी तेहतीस वर्षं काढली आणि आता पेन्शन खाते.

कबड्डीत बाहेर बसलेल्याला आत घेता येतं, म्हणून ती खेळली. पण ती स्वतः बाहेर गेली तेव्हा तिला आत आणायला कुणी चढाईला गेलं नाही. लग्न झालं, नवरा बरा होता, लवकर गेला. लालबागला तिने पोळीभाजी केंद्र काढलं. ज्या गिरणीत तिचा बाप साचे चालवायचा तिथे आता काचेचा टॉवर आहे, तिथली ऑफिसातली माणसं तिच्याकडून डबे नेतात. मी कधी गेले की ती मला खुर्ची पुसून देते. त्याचाही मला राग येतो.

मग टीव्हीवर कबड्डी आली. गडी रंगीत कपडे घालून गादीवर खेळायला लागले आणि आमच्या कॉलेजला एकाएकी आठवलं की आपल्याकडे कधी काळी मुलींचा विजेता संघ होता. कॉलेजच्या अमृतमहोत्सवात मुलींचा संघ पुन्हा सुरू करायचा ठरला आणि कप्तान म्हणून दमीचा सत्कार. ती येत नव्हती. मी ओढून आणलं. शाल, नारळ आणि एक प्लॅस्टिकची ढाल तिला मिळाली. बोलायला ती उठेना, म्हणून मी बोलले. सगळं सांगितलं, सबनीस सर आता नाहीत म्हणून नाव न घेता सांगितलं. "आपण भीक मागतोय का, आपण खेळतो," हे सांगितलं. एकही फुटली नाही, हेही सांगितलं. सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. दमी मांडीवरच्या नारळाची शेंडी सोडवत बसली होती.

नंतर जिमखान्याच्या नव्या प्रमुख बाई माइकवर आल्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी जाहीर केलं की कबड्डीच्या मुलींना आता कॉलेजची संपूर्ण शिष्यवृत्ती मिळेल, इतर सर्व खेळांप्रमाणे. परंपरेनुसार प्रत्येक खेळाला एक.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जिन्याशी उभ्या होतो. नव्या संघाची कप्तान आली, प्राची नाखवा, वरळीच्या कोळीवाड्यातली. दमीच्या पाया पडली. डोळे चमकत होते पोरीचे.

"मावशी, मला देतायत ती. पण आता ह्या मॅडमनी तुमचं सांगितलं ना, तेव्हा आम्ही सातही जणींनी मागे बसून ठरवलं. मी नाही म्हणणार. सगळ्यांना द्या नाहीतर आम्ही गादीवर उतरणार नाही."

मला वाटलं, दमी तिला जवळ घेईल.

"घरी कोण असतं तुझ्या?" दमीने विचारलं.

"आई. मासे विकते. पप्पा नाहीत."

"फीचं काय?"

प्राची जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली.

"मग घे," दमी म्हणाली. "उद्या सकाळीच जाऊन सही कर. कुणाला विचारत बसू नको."

"आणि बाकीच्या, मावशी?"

दमीने नारळ पिशवीत टाकला, शाल घडी करून वर ठेवली. मग माझ्या दंडाला हात लावून तिने मला जरा पुढे केलं, पोरीला नीट दिसावी म्हणून.

"बाकीच्यांचं होतं गो बरोबर," ती म्हणाली. "ही बघ. हिचं झालं."

तिच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं.