मिस्त्रींच्या हातचं केकचं भांडं

मिस्त्री म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले, आणि एकही रेडिएटर त्याच गळतीसाठी परत आला नाही, असं ते येईल त्याला ऐकवायचे. खरंच होतं ते, खोटं कशाला बोला. बायकोपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मुलगा आणि सून तेवढे बाबा म्हणायचे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घरात ओव्हन आला आणि बायकोला केकसाठी भांडं हवं झालं. विकत कशाला आणायचं, म्हणत मिस्त्रींनी चांगल्या पत्र्याचं लांबट भांडं ठोकलं आणि कोपरे नेहमीच्या डाखाने, म्हणजे मऊ धातू वितळवून, सांधले. पहिल्याच दिवशी ओव्हनच्या धगीने डाख मऊ पडला, सांधा सुटला, आणि सगळं मिश्रण खाली सांडून जळलं. सासूबाई आलेल्या होत्या. जावईबापूंनी भांडं केलंय की गाळणं, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. झालं! मिस्त्री त्या दिवशी जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी ते सांधे पुन्हा भरले, ते रेडिएटरच्या डाखाच्या कांडीने. त्या कांडीत शिसं भरपूर असतं, म्हणून ती सहजासहजी वितळत नाही. बाहेरून भरले तसेच आतूनही भरले, हात न आखडता. दुसऱ्या कुणाला ही अक्कल सुचली नसती, आणि यांनाही सुचली नसती तर बरं झालं असतं. भांडं मात्र टिकलं. वर्षातून दोनदा केक व्हायचा, सासूबाई मुकाट्याने खायच्या आणि मिस्त्री त्यांच्याकडे बघत बसायचे.

मुलगा मोठा झाला, सून आली, नात झाली. सून चौकस, प्रत्येक गोष्ट वाचून घेणारी. नात चार वर्षांची झाली तेव्हा सुनेने स्वयंपाकघरातली केकची भांडी एकेक करून काढायला सुरुवात केली. नॉनस्टिकच्या भांड्याचे काळे पापुद्रे निघत होते, ते गेलं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला लिंबाने बारीक खड्डे पडले होते, तेही गेलं. सिलिकॉनच्या साच्याला तापल्यावर वास यायचा. विषाची परीक्षा कशाला घ्यायची, असं तिचं म्हणणं, आणि त्यात चुकीचं काय होतं? काचेचं भांडं घ्यावं असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात मिस्त्रींनी कपाटातून आपलं भांडं काढून तिच्यासमोर ठेवलं आणि बोटाने वाजवून दाखवलं. ना लेप, ना रंग, नुसता पत्रा आहे, म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. डाख हा त्यांच्या लेखी पदार्थच नव्हता, ते त्यांचं काम होतं. सुनेने विश्वास ठेवला.

नातीची खायची रड. जेवण नको, दूध नको, आजीचा लिंबाचा केक मात्र हवा. मग काय, एक दिवसाआड केक व्हायला लागला. केक निघाला की कोपऱ्यांना चिकटलेला कुरकुरीत भाग ती चमच्याने खरवडून खायची. चमचा मिस्त्रीच हातात द्यायचे, वर पाठ थोपटायचे.

वर्ष झालं नसेल तोच पोरीचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढराफटक. दिवसभर चिवचिवणारी पोर, पण बोलताना अडखळायला लागली. साध्या साध्या वस्तूंची नावं आठवेनात. रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी शिशाचं काम करतं का? मुलगा म्हणाला, बाबा करायचे, पण दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. मग त्या रंग, खेळणी, नळ असं एकेक विचारत गेल्या, आणि जाता जाता म्हणाल्या की आंबट पदार्थ भांड्यातलं शिसं ओढून घेतात. कोपऱ्यात बसलेल्या मिस्त्रींना लिंबाचा केक आणि आपण भरलेले सांधे आठवले. पण तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

घरी येऊन त्यांनी भांडं माळ्यावर जुन्या गोधड्यांमागे लपवलं आणि सांधा सुटला असं बायकोला सांगितलं. उद्या भंगारात देऊ, असं मनाशी ठरवलं. तो उद्या काही उगवला नाही. आपल्या हातचं, बायकोसाठी केलेलं, एवढं एकच तर होतं त्यांच्यापाशी.

इकडे सुनेने सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला. नातीसाठी तिने कुणाचा तरी जुना रंगीत पलंग हौसेने आणला होता. तुझ्या हौसेने पोरीला खाल्लं, असं नवरा एकदा बोलून गेला. तिने पलंग फेकला, मग नातीला माहेरी ठेवून ओल्या फडक्याने आणि पात्याने एकेक खिडकीचा जुना रंग काढला, बोटं सोलून निघेपर्यंत. मिस्त्री शेजारी बादली धरून उभे राहायचे. भेटायला येईल त्याला ती सांगायची, मीच विष आणलं घरात. मिस्त्री ऐकायचे आणि गप्प बसायचे. काय म्हणावं अशा माणसाला?

दोन महिन्यांनी रक्तातलं शिसं बरंच उतरलं आणि नात घरी आली. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. तरी घराला जरा हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मिस्त्री डोळे तपासायला गेले होते. बायकोने पांघरुणासाठी माळा उपसला आणि भांडं हाती लागलं. तिने पाणी भरून पाहिलं. थेंबही गळला नाही. म्हातारपणी यांना दिसेनासं झालंय, म्हणून ती हसली आणि लिंबं पिळायला बसली.

मिस्त्री परतले तेव्हा नात भांडं मांडीवर घेऊन कोपरा खरवडत होती. त्यांनी ते हिसकावलं. पोर किंचाळली, सून आतून धावत आली.

"शिसं यात आहे," मिस्त्री म्हणाले. "मीच भरलंय. मला दवाखान्यातच कळलं होतं."

सुनेने मुलीच्या तोंडात बोट घालून होतं तेवढं काढलं, चुळा भरायला लावल्या, हात साबणाने दोनदा धुतले. मग ती सासऱ्यांकडे वळली.

"मी खिडक्या खरवडत होते," ती म्हणाली. "तुम्ही बादली धरून उभे होतात, बाबा."

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि तडक दवाखान्याकडे निघाली. मिस्त्री चपला पायात सरकवायला लागले. तिने त्यांना या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. ती बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं.