औषध मारायच्या दिवशी

आमच्या गटाचं एक रजिस्टर आहे. त्यात ठराव असतात, सह्या असतात, अंगठे असतात. पण मीटिंग संपल्यावर चहा पिताना जे हसणं होतं, ते कुठल्या रजिस्टरात लिहिणार? ते माझ्याकडेच साठत गेलं. आता कुणी विचारलं, "तुमचं काम काय हो?" की माझ्या तोंडून आधी किस्साच बाहेर पडतो!

काम तसं साधं. दिंडोरीच्या पुढच्या एका गावात द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बायका, आणि त्यांच्यात मी, त्याच गावात सायन्स शिकवून रिटायर झालेली, नाशिकहून एसटीनं येणारी बाई. सुरुवात झाली सुनंदामुळे. ती माझी जुनी विद्यार्थिनी. पोटुशी होती. एका ओळीत ती घडांची विरळणी करत होती आणि शेजारच्या ओळीत ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं औषध मारणं चालू होतं. चक्कर येऊन पडली. ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली, पण तिची मोठी जाऊ कमळाबाई पेटली ती पेटलीच. तिचं मागणं एवढंच, औषध मारायच्या दिवशी त्या बागेत आम्हाला बोलवायचं नाही.

*

पहिल्या मीटिंगला मी लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळं घेऊन गेले. फुफ्फुसाचं चित्र, कातडीचं चित्र, बाण, आकृत्या. अर्धा तास बोलले. शेवटी विचारलं, "काही शंका?"

कमळाबाई उठली. "बाई, वाऱ्यानं औषध माणसाच्या अंगावर येतं, हेच ना?"

"हो."

"मंग हे आमाला कशाला दाखवता? आमच्या तर अंगावरच येतंय! बागवाल्यांना बोलवा की!"

प्रोजेक्टर त्यानंतर नाशिकलाच आहे.

*

मग आम्ही घरोघर फॉर्म भरायला लागलो. एका आजींना मी विचारलं, "औषध मारल्यावर डोकं दुखतं का?"

"दुखतं."

"आणि एरवी?"

"एरवी बी दुखतं."

"एरवी कशानं?"

आजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ते सून घरात नसताना विचारा!"

आतून आवाज आला, "बाई, माझा बी फॉर्म भरा! माझं बी डोकं लय दुखतंय!"

*

अर्जावर अर्ज केल्यावर कृषी खात्याचे एक साहेब पाहणीला आले. शेजारच्या बागेत सकाळीच औषध मारलेलं. साहेब जीपमधून उतरतानाच नाकातोंडाला रुमाल बांधून उतरले. बांधावर दहा मिनिटं फिरले आणि म्हणाले, "मला तर कसलाच वास येत नाही."

कमळाबाई म्हणाली, "साहेब, फडकं काढा की मग!"

माणूस दिलदार. हसले आणि खरोखरच रुमाल सोडला. त्यानंतर ज्या शिंका सुरू झाल्या, त्या जीपमध्ये बसेपर्यंत थांबल्या नाहीत. अहवाल आमच्या बाजूनं आला!

*

दोन-तीन लहान बागवाले तयार झाले. ठरलं, की औषध मारलं की बागेच्या तोंडाशी लाल झेंडा लावायचा. तो उतरेपर्यंत आत कुणी जायचं नाही. बायका तेवढ्या वेळात दुसऱ्या बागेत काम करतील.

पहिला झेंडा लागला त्याच दिवशी सरपंच मोटरसायकलवर घाईघाईनं आले. "बाई, निवडणूक तोंडावर आलीय आणि तुम्ही गावात ही कुठली पार्टी घुसवली?"

कमळाबाई पुढे झाली. "पार्टी नाय सरपंच, परकर हाय माझा! काढायचा असंल तर काढा!"

सरपंचांनी गाडी तिथल्या तिथे वळवली.

*

आणि ग्रामसभा. हा नियम सगळ्या गावासाठी करायचा, असा आमचा ठराव होता. अडचण एकच, बापू. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. मनानं वाईट नाहीत, बागेत इतके मजूर असून औषध मारायला स्वतः ट्रॅक्टरवर बसतात. पण हट्टी!

"बुरशी काय तुम्हाला विचारून येते का?" ते भर सभेत म्हणाले. "ढग आले की तासाभरात औषध मारावं लागतं. तेवढ्यात मी कुणाकुणाला बाहेर काढू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. लोक माना डोलवायला लागले. सुनंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं मान खाली घातली.

ग्रामसेवकानं वही उघडली. "ठरावाच्या विरोधात कोण?"

बापूंनी हात वर केला. त्यांचं बघून आणखी लोक हात उचलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "माझा हात बाजूनं धरा."

सगळे वळले. बापूंच्या मंडळी, शोभाकाकू! ग्रामसभेला त्या जन्मात कधी आल्या नव्हत्या.

बापू तसाच हात वर ठेवून मागे वळले. "तू? तुझा काय संबंध? तू तर बागेत पाय पण टाकत नाहीस!"

"नाय टाकत," काकू म्हणाल्या. "औषध मारून आल्यावर तुमचे कपडे कोण धुतं?"

ग्रामसेवकानं वहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "बापू, तुमचा हात... खाली घेताय ना?"

बापू काकूंकडेच बघत होते.

"असू दे वरच," ते म्हणाले. "बाजूनं लिही."