हात वर जाण्याआधी

आधी उजव्या हाताचं एक बोट वर जायचं. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग वाचनालयाच्या दाराजवळच्या बाकावरून प्रश्न यायचा, "बाई, त्याचं काय झालं?"

तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. सभा संपत आलेली असते, चहाचा वास सुटलेला असतो, लोक पायानं चपला चाचपत असतात, आणि त्या एकाचं बोट वर असतं. आमच्याकडे तो माणूस म्हणजे सारंग. माझ्या सभासदांच्या यादीत सातव्या क्रमांकावर त्यांचं पूर्ण नाव आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. आगबोटींवर आयुष्य काढून, डेकवरच्या खलाशांचे सारंग म्हणजे मुकादम होऊन ते म्हसळ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी परतले होते. सभेच्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं श्रीवर्धनला यायचे, सगळ्यांच्या आधी.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. याद्या करायची सवय असल्यामुळे मंडळाची चिटणीस झाले. स्वातंत्र्यानंतरच्या उत्साहात निघालेलं मंडळ ते. जगातल्या देशांनी मिळून मोठी संघटना काढली होती. तिचं काम लोकांना समजावून सांगायचं, हा आमचा उद्देश. संघटनेत आलेल्या देशांनी आपल्या माणसांना मत द्यावं, बोलू द्यावं, चौकशीवाचून कुणाला डांबू नये, असं तिच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं. आम्ही वर्षातून चार वेळा जमायचो. एक कलम वाचायचं, अध्यक्षांनी त्यावर बोलायचं, मग चहा.

अध्यक्ष वकील होते आणि सुपारीच्या दोन वाड्यांचे मालक. ते विचारत, "मंजूर?" आम्ही म्हणत असू, "मंजूर." संस्थान जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मोठ्या माणसानं विचारल्यावर दुसरं काही म्हणायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं. त्यामुळे सभेचा वृत्तान्त मी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवायची. वेळ वाचायचा. त्यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. उलट, वहीत कधी खाडाखोड नसते याचा अभिमान होता.

सारंगांचा धाकटा भाऊ एका बोटीवर आचारी होता. परदेशातल्या एका बंदरात खलाशांनी काम बंद ठेवलं, तिथल्या सरकारनं काही जणांना धरलं, त्यात तो सापडला. बाकीचे सुटले. तो राहिला. दोन वर्षं झाली तरी त्याला कोर्टापुढे उभं केलं नव्हतं. बोटीच्या कंपनीनं हात झटकले. सारंगांनी मुंबईच्या सगळ्या कचेऱ्यांचे जिने झिजवले आणि मग आमच्या मंडळाकडे रीतसर विनंती दिली.

सभेत त्यांनी बोट वर केलं. "साहेब, तो देश संघटनेचा सभासद हाय का न्हाय?"

"आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मग संघटनेला सांगा, त्याला विचारा म्हणून. आपल्या मंडळाचं पत्र जाऊ दे."

"सारंग, हे राजकारण झालं. आपलं मंडळ फक्त माहिती देतं."

"मी तरी दुसरं काय देतोय, साहेब? माहितीच देतोय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनी निर्णय सांगून ठेवला होता. मी वही उघडून वाचलं, "सदर विनंती सर्वानुमते नामंजूर करण्यात आली."

सारंग उठले. माझ्या टेबलापाशी आले. त्यांना लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण शाई वाळलेली आहे हे दिसत होतं.

"बाई, हात अजून वर गेले न्हाईत. वहीत कसे गेले?"

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. 

"मग घ्या मत," अध्यक्ष वैतागून म्हणाले. "हवं तर गुप्त घ्या. सगळ्यांचं समाधान होऊ दे."

गुप्त मत कसं घ्यायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सारंग बाहेर गेले. वाचनालयाच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली होती. तिथून त्यांनी दोन्ही तऱ्हेच्या आणल्या, सोललेल्या आणि सालासकट. पत्र पाठवायचं असेल तर सोललेली, नको असेल तर सालासकट. प्रत्येकानं दोन्ही उचलायच्या, आडोशाला जाऊन एक डब्यात टाकायची, दुसरी खिशात ठेवायची. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा.

पहिली सुपारी पडली आणि आमची चूक सगळ्यांच्या लक्षात आली. सोललेली टणकन वाजत होती. सालासकटची मऊ धप्प. अकराजण होतो. पाठ करून उभ्या असलेल्या प्रत्येकाचं मत बाकीचे दहाजण कान देऊन ऐकत होते. अध्यक्षांची धप्प पडली तेव्हा मागच्या बाकावरचे पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "गुप्त आहे हो, ऐकू नका."

सहा टणक, पाच मऊ. सहावी माझी होती. चिटणिसानं मत देऊ नये अशी आमची रीत होती, पण ती कुठे लिहिलेली नव्हती. मी वहीतली ओळ खोडली.

पत्रावर अध्यक्षांनी सही केली, फक्त 'बहुमतानुसार' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. पुढच्या सभेपासून डब्याच्या तळाशी जुना पंचा घातला. तोही त्यांनीच घरून आणला.

सात महिन्यांनी संघटनेचं इंग्रजीत उत्तर आलं. पत्र मिळाले. ते यादीत नोंदवले आहे. अशा तक्रारींवर कारवाई करण्याचा अधिकार संघटनेस नाही. प्रत संबंधित देशास पाठवण्यात येईल.

यादीत गेलेल्या गोष्टींचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. मी चाचरत मराठीत सांगितलं. सारंगांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे त्या देशाला कळलं."

"कळलं असेल."

"बास. आता त्याला ठाऊक हाय, इकडून कोणी विचारतंय."

त्यानंतर दर वर्षी एक पत्र. दर वर्षी तेच उत्तर, तारीख तेवढी वेगळी. देश वाढत होते, ठराव वाढत होते, आम्हाला येणारी पुस्तकं जाड होत होती. अध्यक्ष म्हणायचे, "सारंग, तुमच्यामुळे परदेशात रद्दी वाढतेय."

"साहेब, धुक्यात आम्ही दर दोन मिनिटाला भोंगा वाजवायचो. समोर बोट हाय का न्हाय दिसत न्हाय, म्हणून काय थांबवायचा?"

पाचव्या की सहाव्या वर्षी मी दमले. शाळेचं काम वाढलं होतं, मंडळातला पहिला उत्साह ओसरला होता. चहा होईपर्यंत थांबून मी म्हटलं, "सारंग, यंदा राहू दे का?"

ते रागावले नाहीत. बशीतला चहा संपवला. "तुम्ही दमलात, खरं हाय. मी पण दमलोय. तो तिथं बसून दमला नसेल का?"

मी लिहिलं.

पुढच्या वर्षी एका खलाशाच्या हाती चिठ्ठी आली, भावाची. सारंग ती घेऊन शाळेतच आले; वर्ग सुटेपर्यंत बाहेर उभे राहिले. चार ओळी होत्या. तब्येत बरी आहे. दात पडले. जेलर विचारत होता, तुझं तिकडे कोण आहे, सारखं लिहिणारं? तेव्हापासून अंगाला हात लावत नाहीत.

"शेवटचं परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. याआधी हात लावत होते, हे त्यांना आजच कळलं होतं, आणि मलाही.  जाताना ते म्हणाले, "यंदाचं वेळेवर टाका, बाई."

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला सारंग गेले. मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप दिला. भाऊ अजून तिकडेच आहे. यादीतला सातवा क्रमांक मी खोडलेला नाही; एरवी मी अशा बाबतीत फार शिस्तीची आहे.

त्यानंतरच्या सभेत सगळे विषय लवकर संपले. चहाचा वास आला. दाराजवळचा बाक मोकळा होता, आणि चपला कुणीच चाचपत नव्हतं.  मग मी एक बोट वर केलं.

"काय, बाई?" अध्यक्ष म्हणाले. आता त्यांना ऐकू कमी येतं.

"त्या पत्राचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं."

"ते तुम्हीच सांगायचं. चिटणीस तुम्ही."

"उत्तर आलेलं नाही."

अध्यक्षांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "डबा काढा. यंदाच्या पत्राचं ठरवू."

आता आम्ही दहाजण. एकेक जण आडोशाला जाऊन आला. तळाशी पंचा असल्यामुळे काही ऐकू आलं नाही. डबा टेबलावर ओतला तर दहाही सुपाऱ्या सोललेल्या.

वहीत एक ओळ मी कोरी ठेवली होती. तिथे लिहिलं, सर्वानुमते.