मेजरसाहेबांची परतीची तालीम

“आज इथून परत,” असे म्हणून मेजरसाहेब काठी उलटी फिरवत आणि आल्या वाटेने चालू लागत. मल्लेश्वरमला डोशासाठी रांगेत उभे राहावे, आतून लोण्याचा वास यावा, पुढे एकच माणूस उरावा, की यांचे आपले, “आज इथून परत.” बरोबर मी असलो तर मीही उपाशी.

आमच्या शेजारचे हे गृहस्थ मूळचे बेळगावचे. सैन्यात असताना काश्मीरमध्ये जवानांना बर्फावर स्की चालवायला शिकवीत. निवृत्तीनंतर राहायला आले बंगळूरला, जिथे बर्फ उसाच्या रसात मिळतो.

सन साठ-एकसष्टचा सुमार असेल. माझा धाकटा भाऊ विनू तीन मित्रांबरोबर गुलमर्गला स्की करायला निघाला होता. तेही मळलेल्या वाटा सोडून, मागच्या डोंगरांतल्या कोऱ्या उतारांवर. आईने त्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. आता कारखान्यात मोजमापावर पोट भरणारा माणूस काय करणार, तुम्हीच सांगा. मी मेजरसाहेबांना विचारले, “हिमलोट किती अंशांच्या उतारावर येतो? त्याला कोनमापक देऊन ठेवतो.”

“तीस ते पंचेचाळीस.”

“म्हणजे एकोणतीसला काळजी नाही?”

“इंजिनियर, वरचा उतार चाळीसचा असला, तर तुमचे एकोणतीस त्याच्याखाली गाडले जातील की!”

मग त्यांनी आमच्याच घरातून पाट, साबुदाणा आणि रवा मागवला. पाटावर साबुदाण्याचा थर दिला, वर रवा पसरून तळव्याने दाबला. “खाली जुना, सुटा, दाणेदार बर्फ. वर वाऱ्याने आणून टाकलेला नवा. वरून बघा, कसं घट्ट दिसतं.” पाट हळूहळू कलता केला. रवा पहिल्यांदा चौतीस अंशांवर घसरला, दुसऱ्यांदा एकतीसवर. तिसऱ्यांदा विनूने मधोमध नुसते बोट टेकवले आणि सगळा थर माझ्या मांडीवर आला. मी सरासरी काढत होतो.

“सरासरी झाली असेल तर साबुदाणा निवडून द्या,” आमची ही म्हणाली. “उद्या चतुर्थी आहे.”

रव्यातून साबुदाणा निवडताना मी मेजरसाहेबांचे ऐकत होतो. “एकेकानं उतरायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवायची. पायाखाली बर्फ धप्प वाजला तर पुढं जायचं नाही. हे पाठ होतं. पण चार मित्र, ऊन पडलेलं, उतार समोर... तिथून परत फिरणं पाठ होत नाही. त्याची तालीम लागते.”

तालमीसाठी आम्ही ओळीने तीन रविवार जवळच्या नंदीच्या डोंगरावर गेलो. येलहंका ओलांडून बस, मग पायऱ्या, मग माझे गुडघे. माथा दिसू लागला की काठी उलटी फिरे.

“साहेब, दहा पावलं उरलीत!” विनू ओरडे.

“म्हणूनच.”

मी नंदीचा माथा अजून पाहिलेला नाही. पाहुण्यांनी विचारले तर पोस्टकार्डावरच्या चित्राचे वर्णन करतो.

विनू गुलमर्गहून परतला तो सोललेले नाक आणि धुमसता चेहरा घेऊन. थेट मेजरसाहेबांकडे गेला, मागोमाग मी.

“धप्प वाजलं. मी परत फिरलो. ते तिघं उतरले आणि मजेत खाली पोचले. काहीच झालं नाही! आता जन्मभर मला भित्रा म्हणतील.”

“म्हणजे उतार चांगला होता,” मी निष्कर्ष काढला.

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी विनूचे दोन्ही खांदे चाचपले, नवा सदरा अंगात नीट बसला आहे की नाही हे बघावे तसे. “म्हणू देत की. स्वल्प दिवस म्हणतील,” एवढे बोलून ते चहा सांगायला आत गेले.

चहा घेऊन त्यांच्या पत्नी आल्या. ते आलेच नाहीत. “यांच्या हाताखालचे दोन जवान एका उतारावर बर्फाखाली राहिले,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्याही दिवशी आधी तिघं नीट उतरून गेले होते.”

माझ्या निष्कर्षाचे काय करावे ते मला कळेना. मी बशीत चहा ओतला आणि अर्धा लेंग्यावर सांडला.

विनू त्यानंतर दर हिवाळ्यात बर्फात गेला आणि दर वेळी आल्या आल्या आधी शेजारी गेला, मग आमच्याकडे जेवायला आला.

काही वर्षांनी मेजरसाहेब गेले. मूलबाळ नव्हते. विनूने पुढचा खांदा दिला. स्मशान लांब होते, ऊन चढलेले. थोडे अंतर गेल्यावर खांदा बदलायला मी पुढे झालो.

“राहू दे, दादा,” विनू म्हणाला आणि त्याच चालीने चालत राहिला.