एका राज्यापुरता नवस

मावशींनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. "चल तुळजापूरला. नवस फेडायचाय."

मावशींच्या खानावळीत पीठ मळून पडलेलं, जेवणारे यायची वेळ झालेली. "आत्ता? पायी?"

"पायीच बोलले व्हते. त्यो निवडून आला न्हवं?"

त्यो म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला पुढारी. बाहेरून आलेल्यांना राहू द्या, म्हणणारा. मावशींचा मुलगा तिकडं नोकरीला, तिथं राहायचे त्याचे कागद अडकलेले. हा पुढारी आला तर लेक टिकेल, म्हणून मावशी देवीला बोलून बसलेल्या. सकाळीच मुलाचा निरोप आला, 'आई, आमच्या राज्यात तो जिंकला!' झालं. मावशींनी गुलाल आणून अख्ख्या गल्लीला लावला.

मला काही खरं वाटेना. मुलालाच फोन लावला. त्यानं कपाळ बडवायचंच बाकी. "अगं, ही पक्षातली निवड! उमेदवार कोण करायचा, ते एकेक राज्य मत देऊन ठरवतं. आमचं एक झालं. खरी निवडणूक अजून लांब. तिचे गुडघे बघ, चालू देऊ नकोस."

"म्हंजे नुसतं तिकीट मिळालं व्हय?" मी हे सांगितल्यावर मावशी.

"तिकीटसुद्धा अजून नाही, मावशी."

"मग गुलाल कशाचा?"

"तुम्हीच लावलात!"

डोकं फिरायची पाळी. रागवावं तरी कसं? आठवीतनं शाळा सोडून मी गडचिरोलीकडून इथं धाराशिवला आले, तेव्हा ओळख ना पाळख, या बाईनं ठेवून घेतलं. माझ्या तापात उशाशी बसून राहिल्या. त्यांनीच अंथरूण धरलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

"बसा हो गुमान," म्हटलं.

"देवीशी लबाडी न्हाय करायची. एक राज्य जिंकला न्हवं? तेवढ्यापुरतं चालते. म्होरलं यष्टीनं."

गावाबाहेरच्या पुलापर्यंत त्या अनवाणी, मागं चपला घेऊन मी. वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "एकच राज्य झालंय अजून!"

यष्टीत बसल्यावर गुडघा चोळत मावशींनी विचारलं, "आता म्होरलं राज्य कवा?"

"पुढच्या आठवड्यात. एकदम बऱ्याच राज्यांचे निकाल आहेत म्हणे."

"एकदम?" त्या खिडकीतून तुळजापूरपर्यंतचा पळता रस्ता नजरेनं मोजू लागल्या.

मी खाली वाकून चपला त्यांच्या पायांत घातल्या. पाय सुजलेले. देवीकडं काय मागावं कळेना. तो जिंकावा तर हे गुडघे, हरावा तर लेक.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्या दिशी पीठ आदल्या राती मळून ठिव."