बदलीची खुर्ची

जर्मेन रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाई आणि मरियामातेच्या पायाशी एक मेणबत्ती लावी, ती एका परक्या म्हाताऱ्यासाठी. व्हेर्दिए त्याचं नाव. ज्वांव्हिलच्या स्टुडिओत त्याच्या सिनेमाचं काम चाललं होतं, आणि त्याचं काळीज कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता. म्हणून विमावाल्यांनी अट घातली होती: सेटवर दुसरा एक दिग्दर्शक हजर हवा, म्हातारा पडलाच तर त्याने काम पुरं करायचं. तो दुसरा म्हणजे जर्मेनचा नवरा, गास्तों. बावीस वर्षं इतरांच्या हाताखाली गेलेली, वय एक्कावन्न, स्वतःचा सिनेमा एकही नाही.

"आजही लावलीस मेणबत्ती?" डब्यात थंड बटाटे भरून घेताना तो विचारी.

"लावली."

"लाव बाई. पण फार जोर लावू नकोस."

ती छातीवर क्रूस करी, आणि हसू आलं म्हणून पुन्हा एकदा करी.

सेटवर सगळे त्याला गिधाडच म्हणत. "काय गिधाडराव, आज भूक कशी आहे?" दिवेवाले विचारत. व्हेर्दिए तेवढा त्याला शेजारी बसवून घेई. "बघून ठेव," म्हणे, "माणूस हलल्यावर कॅमेरा हलवायचा. आधी नाही." निर्मात्याने शब्द दिला होता, नीट निभावलंस तर पुढचा सिनेमा तुझा. त्या शब्दावर नवराबायकोने अख्खा हिवाळा काढला.

छप्पन साली, मार्चातल्या एका शुक्रवारी, व्हेर्दिए लाकडी जिन्याच्या देखाव्यापाशी बसला तो उठलाच नाही. नऊ दिवसांचं काम उरलं होतं.

त्या रात्री घरी गास्तोंपुढचा मासा निवून गेला. "जर्मेन, मला आनंद झाला गं," तो म्हणाला. "आधी आनंद झाला. वाईट मागाहून वाटलं."

नेमकी त्याच सकाळी घाईत तिची मेणबत्ती लावायची राहून गेली होती. ते तिने फक्त पाद्र्यांच्या कानावर घातलं.

नऊच्या नऊ दिवस गास्तोंने माणूस हलल्यावरच कॅमेरा हलवला. पदरचं काही घुसडलं नाही. मेलेल्याचा मान राखला. सिनेमा पाहून निर्माता खूश झाला. "कमाल केलीस! म्हातारा कुठे संपला नि तू कुठे सुरू झालास, पत्ताच लागत नाही." पडद्यावर नाव एकट्या व्हेर्दिएचं होतं.

"मग माझा सिनेमा?"

"तुझा?" निर्माता चष्मा पुसत म्हणाला. "यात तुझं असं काय आहे, सांग बरं? पण बदलीला तुझ्यासारखा माणूस फ्रान्समध्ये शोधून सापडायचा नाही."

सप्टेंबरात निर्मात्याचा फोन आला तेव्हा जर्मेन सूप ढवळत होती. गास्तोंने सगळं ऐकून घेतलं. मग भाजीचा भाव विचारावा तसं त्याने विचारलं, "काळीज, की फुप्फुसं?"

जर्मेनने आच बारीक केली. त्याने फोन ठेवल्यावर म्हणाली, "नाव काय त्यांचं?"

"तुला कशाला?"

"सकाळी लागेल."